दोन पट्ट्यांचा एक कोपरा

एखाद्या खोलीच्या लाकूडकामाची पारख करावयाची असेल तर भिंतीच्या मध्यभागी पाहू नये, कोपऱ्यात पाहावे. मध्यभागी रंधा, पॉलिश आणि रंग यांच्या बळावर पुष्कळ काही झाकता येते. कोपऱ्यात मात्र दोन दिशांनी आलेल्या दोन पट्ट्या एकमेकींना भेटतात, आणि ती भेट जमली आहे की नाही हे न शिकलेल्या डोळ्यालाही तत्काळ कळते. आज मी बोलणार आहे तो याच भेटीविषयी, म्हणजे शोभेच्या पट्टीचा काप आणि तो घेणारे कंपाउंड मायटर सॉ नावाचे यंत्र यांविषयी. विषय सुतारकामाचा आणि बोलणारा शाळामास्तर, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण हा काप म्हणजे भूमितीचा एक धडाच आहे. फरक एवढाच की येथे चुकलेले उत्तर खोडरबराने पुसता येत नाही. चुकला काप लाकूड खातो, आणि आजच्या सागवानाच्या भावात ते कोणालाच परवडणारे नाही.

शोभेची पट्टी आपण सर्वांनी पाहिली आहे. बाजारात तिला मोल्डिंग म्हणतात. तसबिरीची चौकट, दरवाजाभोवतीची किनार, जमिनीलगत भिंतीच्या पायथ्याशी बसविलेली पट्टी, आणि भिंत व छत मिळतात तेथे तिरकी बसविलेली रुंद पट्टी, ही सारी तिचीच रूपे. ती केवळ नटवण्यासाठी नसते. दोन पृष्ठभाग मिळतात तेथे भेग राहते, ती भेग झाकणे हे तिचे मूळ काम. आणि अंगावरच्या गोलाव्यांनी व खोबणींनी उजेड-सावलीची रेघ काढणे हे तिचे दुसरे काम. ही कल्पना आपल्याला नवी नाही. १०६० सालच्या शिलालेखामुळे ज्याचा काळ निश्चित झाला आहे त्या अंबरनाथच्या शिवमंदिराचा पायथा पाहा. एकावर एक चढत गेलेले थर म्हणजे दगडातील मोल्डिंगच होय. परंतु दगड घडविणाऱ्याला एक सोय असते. कोपऱ्याचा दगड अखंड ठेवून त्याच्या दोन्ही अंगांवर तो घडण कोरू शकतो. सुताराच्या हाती पट्टी येते ती लांबच लांब, यंत्रातून तयार होऊन. कोपऱ्यात तिला वळविता येत नाही. तिला कापावेच लागते आणि दुसरीशी जोडावे लागते.

या जोडाचा मूळ नियम फार सोपा आहे. कोपऱ्याचा जो कोन असेल त्याचे दोन समान भाग करावयाचे, आणि प्रत्येक पट्टीने आपला अर्धा भाग सांभाळावयाचा. काटकोनाचे अर्धे ४५ अंश. म्हणून दोन्ही पट्ट्या ४५ अंशांत कापावयाच्या. अर्धेच का, एक चाळीस आणि एक पन्नास का नको? बेरीज तर नव्वदच होते! कारण असे की, तिरक्या कापाची लांबी त्याच्या कोनावर ठरते. दोन काप वेगवेगळ्या कोनांचे असतील तर त्यांची लांबीही वेगवेगळी होईल, आणि एका पट्टीवरील गोलावा दुसरीच्या गोलाव्याला भेटणार नाही. पट्ट्या सारख्या रुंदीच्या असतील तर वाटणी समानच झाली पाहिजे.

येथवर सारे सरळ आहे. अडचण सुरू होते ती छताजवळच्या तिरक्या पट्टीपाशी. सोयीसाठी आपण तिला छतपट्टी म्हणू. माझ्यापाशी येथे फळा नाही. परंतु तुमच्या घरी बुटांचे एखादे रिकामे खोके असेल. त्याच्या आधाराने हा प्रयोग अवश्य करून पाहा. खोके उघडे तोंड वर करून ठेवा, त्याच्या तळाला छत समजा आणि उभ्या बाजूंना भिंती. आता जाड कागदाच्या काही पट्ट्या कापून घ्या.

पहिल्या दोन पट्ट्या खोक्याच्या तळावर, बाजूंना लगटून, आडव्या ठेवा. ही झाली तसबिरीच्या चौकटीची रीत. कोपऱ्यात त्या नीट मिळण्यासाठी टोके ४५ अंशांत कापावी लागतील. पुढच्या दोन पट्ट्या उभ्या बाजूंना सपाट टेकवा. ही जमिनीलगतच्या पट्टीची रीत. येथे कागदाची टोके मुळीच तिरकी कापावी लागत नाहीत, सरळच मिळतात. खऱ्या पट्टीला जाडी असते म्हणून तिची केवळ जाडी ४५ अंशांत उतरती करावी लागते. आता शेवटच्या दोन पट्ट्या घ्या आणि त्या तळ व बाजू यांच्यामध्ये तिरप्या, अर्ध्या कलत्या, टेकवा. टोके सरळ ठेवली तर ती एकमेकींवर चढतात. ४५ अंशांत कापली तर भिंतीकडची कड मिळते, पण तळाकडे फट वाढत जाते. खरा काप या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे. पट्टी बरोबर अर्धी कलती, म्हणजे भिंतीशी ४५ अंशांत असेल, तर तो काप ३५.३ अंशांचा येतो.

यातच सगळे मर्म आहे. पट्टी छतावर सपाट असेल तर सारा तिरकसपणा तिच्या रुंदीत जातो. भिंतीवर सपाट असेल तर सारा तिच्या जाडीत जातो. आणि मध्येच कलती असेल तर काही रुंदीत, काही जाडीत, असा वाटला जातो. म्हणून तिला दोन कोन एकाच वेळी लागतात. विद्यार्थ्याला वाटेल की ४५ चे निम्मे साडेबावीस इकडे आणि साडेबावीस तिकडे. तसे होत नाही. अवकाशातील कोन बाजारातल्या मापासारखे वाटले जात नाहीत. अर्ध्या कलत्या पट्टीला रुंदीत ३५.३ अंश आणि जाडीत ३० अंश लागतात. बाजारात सर्रास मिळणारी दुसरी छतपट्टी भिंतीशी ३८ आणि छताशी ५२ अंश करते. तिला रुंदीत ३१.६ आणि जाडीत ३३.९ अंश लागतात. ज्यांना शाळेतील त्रिकोणमिती आठवत असेल त्यांच्यासाठी सांगतो: काटकोनी कोपऱ्यात पहिल्या कोनाचे टॅन हे पट्टीने भिंतीशी केलेल्या कोनाच्या साइनएवढे असते, आणि दुसऱ्या कोनाचे साइन हे त्याच कोनाच्या कोसाइनला ४५ च्या साइनने गुणले असता मिळते. तक्ता घेऊन ताडा पाहा, बरोबर हेच आकडे येतील.

आता यंत्राकडे वळू. विजेवर चालणारे मायटर सॉ १९६४ च्या सुमारास अमेरिकेतील रॉकवेल कंपनीने बाजारात आणले. त्याची रचना साधी आहे. एक सपाट बैठक, तिच्या मागे पट्टी टेकविण्यासाठी उभी टेकणी, आणि वर बिजागरीवर बसविलेले गोल दातेरी पाते, जे मुठीने खाली ओढले की काप होतो. बैठकीसह पाते डावीकडे वा उजवीकडे वळविता येते, त्याला आपण वळण म्हणू. पुढे पाते बाजूला कलते करण्याचीही सोय झाली, तिला कल म्हणू. वळण आणि कल दोन्ही एकत्र देणारे यंत्र ते कंपाउंड मायटर सॉ. पट्टी बैठकीवर सपाट झोपवावयाची, वळण ३१.६ वर, कल ३३.९ वर लावावयाचा, आणि एकाच खेपेत दुहेरी तिरकस काप घ्यावयाचा. पुष्कळ यंत्रांच्या मापपट्टीवर ३१.६ या आकड्यापाशी खास खाचच केलेली असते. हा अपूर्णांक तेथे का, असा प्रश्न ज्याला पडला असेल त्याला आता उत्तर मिळाले.

परंतु या यंत्रापूर्वीही छतपट्ट्या बसविल्या जात होत्या, आणि ज्यांनी त्या बसविल्या त्यांच्यापैकी बहुतेकांना टॅन आणि साइन माहीत नव्हते. त्यांनी काय केले? त्यांच्यापाशी एक लाकडी पेटी असे: एक तळ, दोन उभ्या बाजू, आणि त्या बाजूंत ४५ अंशांवर पाडलेल्या खाचा. त्या खाचांतून हातकरवत चालवावयाची. सुतार छतपट्टी या पेटीत झोपवीत नसे. तो ती उलटी करून, भिंतीची कड वरच्या अंगाला टेकणीवर आणि छताची कड खाली तळावर येईल अशी तिरपी उभी करीत असे. आपण खोक्याच्या तळाला छत मानले, तेच त्याने केले. पट्टी प्रत्यक्षात ज्या कलाने बसणार त्याच कलाने धरली की करवतीला दोन कोनांची आवश्यकता उरत नाही. साधा ४५ अंशांचा उभा काप पुरतो. दुहेरी कोन पट्टीच्या कलण्यातूनच आपोआप साधतो. मला ही युक्ती कोणत्याही सूत्राइतकीच सुंदर वाटते. गणित टाळलेले नाही. ते लाकडाच्या ठेवणीत घातले आहे.

आजच्या यंत्रावरही हीच रीत वापरता येते, आणि पट्टी लहान असेल तर तीच वापरावी. पट्टी सरकू नये म्हणून बैठकीवर एक आडवी ठोकळी घट्ट बसवून घ्यावी. पट्टी फार रुंद असली की ती टेकणीपेक्षा उंच जाते आणि पाते तिच्यापर्यंत पुरत नाही. तेव्हा तिला झोपविल्यावाचून गत्यंतर नसते आणि दोन कोनांचा हिशेब करावा लागतो. यंत्राच्या दुहेरी कलण्याचा खरा उपयोग तेथे आहे. या कामात कोणती बाजू कोणत्या दिशेला कापावी याचा गोंधळ हमखास होतो. त्यासाठी एक खूण लक्षात ठेवावी. खोलीच्या आतल्या कोपऱ्यात भिंतीकडची कड लांब राहते आणि छताकडची आखूड. बाहेर आलेल्या कोपऱ्यावर याच्या नेमके उलट. कापण्यापूर्वी पट्टीच्या पाठीवर पेन्सिलीने 'भिंत' आणि 'छत' असे लिहून ठेवले तर पुष्कळ लाकूड वाचते.

एवढे समजले म्हणजे कोपरा जमलाच असे नाही. कारण हे सर्व आकडे काटकोनाचे आहेत, आणि आपल्या घरांच्या भिंती क्वचितच काटकोनात असतात. गवंड्याने कितीही ओळंबा लावला तरी कोपऱ्यात गिलावा थोडा अधिक भरला जातो. म्हणून आधी कोपरा मोजावा. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ६० आणि दुसरीवर ८० सेंटिमीटरवर खूण करा व दोन खुणांमधील अंतर मोजा. ते बरोबर १०० आले तर कोपरा काटकोनी. हा पायथागोरसचा सिद्धान्त मुले घोकतात तोच होय. अंतर सुमारे ८ मिलिमीटर अधिक आले तर कोन एक अंशाने मोठा, तेवढेच कमी आले तर एक अंशाने लहान. समजा अंतर १०१.७ सेंटिमीटर आले. म्हणजे कोपरा ९२ अंशांचा आहे. आता उलटी पट्टी कापताना यंत्र कोठे लावावे? विद्यार्थी चटकन सांगेल, अर्ध्यावर, म्हणजे ४६ वर. उत्तर चुकले, ४४ वर. यंत्राची मापपट्टी शून्य धरते ते सरळ आडव्या कापाला. कोपरा उघडत उघडत सपाट भिंत झाली तर काप सरळच घ्यावा लागेल, म्हणजे शून्यावर. यावरून कोपरा जितका मोठा तितका यंत्रावरील आकडा लहान, हे ध्यानात येईल. नव्वदातून कोपऱ्याचे अर्धे वजा करावे, हा नियम. झोपविलेल्या ३८ अंशांच्या पट्टीला याच कोपऱ्यात ३१.६ आणि ३३.९ ऐवजी ३०.७ आणि ३३.२ लागतील.

एक-दोन अंशांसाठी एवढी यातायात कशाला, असे कोणी म्हणेल. शंभर मिलिमीटर रुंदीची सपाट पट्टी ४५ अंशांत कापली की कापाची लांबी १४१ मिलिमीटर होते. दोन्ही काप अर्ध्या अर्ध्या अंशाने चुकले तर जोडाच्या दुसऱ्या टोकाला जवळजवळ अडीच मिलिमीटरची फट पडते. नाण्याची कड तिच्यात सहज जाईल. तसबिरीच्या चौकटीत चार कोपरे म्हणजे आठ काप. प्रत्येक काप एकाच बाजूला अर्ध्या अंशाने चुकला तर तीन कोपरे दाबून बसविता येतात, परंतु चौथ्या कोपऱ्यात चार अंशांची चूक एकदम प्रकट होते. लहान चूक नाहीशी होत नाही. ती शेवटच्या कोपऱ्यात वाट पाहत बसते. म्हणून चांगला कारागीर यंत्रावरील खुणेवर विसंबत नाही. तो टाकाऊ लाकडाचे दोन तुकडे कापतो, कोपऱ्यात धरून पाहतो, आणि मगच लांब पट्टीला पाते लावतो.

आतल्या कोपऱ्यांसाठी जुन्या कारागिरांनी आणखी एक उपाय शोधला आहे, आणि तो कोनांच्या काटेकोरपणातून बरीच मुक्तता देतो. एक पट्टी सरळ कापून थेट कोपऱ्यात भिडवावयाची. दुसरी आधी नेहमीप्रमाणे तिरकी कापावयाची. त्या तिरक्या कापाच्या दर्शनी कडेला पट्टीच्या सर्व गोलाव्यांची वळणदार रेघ उमटते. मग बारीक पात्याच्या हातकरवतीने त्या रेघेवरून लाकूड काढावयाचे, आणि पाठीकडून थोडे जास्तच काढावयाचे. अशी कोरलेली पट्टी पहिलीच्या अंगावर टोपीसारखी चपखल बसते. कोपरा एखाद-दुसऱ्या अंशाने चुकलेला असला तरी फट दिसत नाही. काम वेळखाऊ आहे, आणि ठिसूळ प्लॅस्टरच्या पट्टीला ते मानवत नाही. पण लाकडाला त्याहून चांगला जोड नाही.

याचे कारण लाकडाच्या स्वभावात आहे. लाकूड कापले म्हणून त्याची हालचाल थांबत नाही. पावसाळ्यात ते हवेतील ओल घेऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. परंतु ही वाढघट रुंदीत होते, लांबीत जवळजवळ होतच नाही. म्हणून ४५ अंशांत कापलेली पट्टी रुंदीत आकसली की तिच्या कापाचा कोनही बदलतो, आणि चौकटीचा जोड आतल्या बाजूने उघडतो. कोकणात, गोव्यात वा बेळगावकडे आषाढात बसविलेली चौकट फाल्गुनात फटी दाखवू लागली तर सुताराला बोल लावण्यापूर्वी हे आठवावे. उपाय एवढाच की लाकूड चांगले सुकलेले घ्यावे, आणि पट्ट्या कापण्यापूर्वी काही दिवस त्या ज्या खोलीत बसावयाच्या तेथेच ठेवाव्या.

आता शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. फट पडली तर लांबी भरून झाकता येते. बोट गेले तर ते परत येत नाही. या यंत्राचे पाते मिनिटाला चार-पाच हजार फेरे घेते. त्यावर एक झाकण असते, जे पाते वर येताच आपोआप त्याला झाकते. कापाची रेघ नीट दिसावी म्हणून ते झाकण दोरीने वर बांधून ठेवण्याची वाईट खोड अनेक दुकानांत आढळते. ती मोडलीच पाहिजे. हात पात्यापासून सहा इंचांच्या आत नेऊ नये. डाव्या बाजूचे लाकूड उजव्या हाताने, हात आडवा घालून, धरू नये. अगदी लहान तुकडा हाताने धरून कधीच कापू नये. तो लांब पट्टीवरूनच कापून घ्यावा. पात्याने पूर्ण वेग घेतल्यावरच ते खाली आणावे, आणि काप झाल्यावर बटण सोडून पाते थांबू द्यावे, मग उचलावे. फिरते पाते उचलताना सुटा तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा उडतो. हातमोजे आणि सैल बाह्या येथे संरक्षण नव्हेत, संकट होत. कोन बदलताना वा पात्याला हात लावताना विजेची पिन काढून ठेवावी. डोळ्यांवर चष्मा हवा, आणि नाकातोंडावर धूळ रोखणारा मुखपट्टाही हवा. भुसा निरुपद्रवी वाटतो. परंतु आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीची गणना माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केली आहे.

हे मी विशेषेकरून कोणासाठी सांगतो? शाळा सोडून सुतारकामाच्या दुकानात लागणाऱ्या मुलांसाठी, आणि त्यांना कामावर ठेवणाऱ्या मालकांसाठी. त्या मुलाला वाटते की गणिताच्या तासाशी आपला संबंध आता संपला. पहिल्या दिवशी त्याला दोन आकडे सांगितले जातात, ३१.६ आणि ३३.९, तो ते पाढ्यासारखे पाठ करतो. काटकोनी खोलीत त्यांवर त्याचे निभावते. एके दिवशी ९२ अंशांचा कोपरा समोर येतो आणि पाठ केलेले आकडे मुके होतात. मग तो अंदाजाने कापतो, चुकतो, पुन्हा कापतो. पट्टी आखूड होते, मालक रागावतो, मुलगा घाईला येतो. आणि यंत्रापाशी घाई करणाऱ्या हाताला अपघात फार दूर नसतो. ज्याला आकड्यामागचे कारण ठाऊक आहे तो मात्र थांबतो, कोपरा मोजतो आणि नवा आकडा काढतो. कारण समजणे हे येथे केवळ पांडित्य नाही; त्यात लाकूड, मजुरी आणि हाताची बोटे यांचे रक्षण आहे.

तेव्हा दुकानदारांना माझी एवढीच विनंती आहे. नव्या मुलाला यंत्राचे बटण दाखविण्यापूर्वी एक बुटाचे खोके आणि चार कागदी पट्ट्या द्या, आणि तिरपी पट्टी कोपऱ्यात मिळवून दाखव म्हणावे. तास-दीड तास जाईल. पण त्यानंतर त्याने कापलेली पट्टी कोपऱ्यात कशी बसते ते आपणच पाहावे.